पट्ट्या पंचवीस, शंका पन्नास

घरी लॅपटॉपवर संगीत करू पाहणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांत छोट्या मिडी कीबोर्डचा विषय पुन्हा पुन्हा येतो. त्यातले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सगळ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. तो फक्त मिडी नावाच्या भाषेत निरोप पाठवतो. साठ नंबरची पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, आता सोडली, एवढंच. आवाज काढायचं काम कॉम्प्युटरमधल्या किंवा फोनमधल्या सॉफ्टवेअरचं. त्यामुळे ‘कुठल्या कीबोर्डचा आवाज चांगला?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. पट्ट्या कशा आहेत, बोटांनी ठोकायचे चौकोनी पॅड कसे आहेत आणि डाव्या हाताला काय दिलंय, एवढंच बघायचं.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लो-फाय आणि हाउस या प्रकारचं संगीत करायचंय. लॅपटॉप आय-थ्री, ८ जीबी रॅमचा. पियानो शिकलेलो नाही. अकाईचा एमपीके मिनी, आर्टुरियाचा मिनीलॅब ३ आणि नोव्हेशनचा लाँचकी मिनी या तिघांत महिनाभर अडकलोय. कोणता घेऊ? (सातारा)

उत्तर : तिघांतही पंचवीस छोट्या पट्ट्या आहेत, म्हणजे दोन सप्तकं आणि वरचा एक सा. तिघेही यूएसबीवर चालतात, वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही. तिघांत आठ-आठ नॉब आहेत आणि पट्ट्या दाबून धरल्या की त्याच सुरांची आपोआप ओळ वाजवणारं अर्पेजिएटरही आहे. तेव्हा या गोष्टींची तुलना करण्यात आणखी एक महिना घालवू नका. फरक दुसरीकडे आहेत.

एमपीके मिनीच्या तिसऱ्या आवृत्तीत आठ पॅड आहेत, मोठे आणि रबरी. बँक बदलली की त्यांचे सोळा होतात. सॅम्पलचे, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे, तुकडे करून ते बोटांनी वाजवायचे, ही लो-फायची मूळ रीत, आणि त्यासाठी या तिघांत आमचं झुकतं माप याच पॅडना. पण सूर वाकवण्यासाठी इथे अंगठ्याने हलवायची एक बारीक दांडी आहे. ती आडवी हलवली की पिच बेंड, उभी हलवली की मॉड्युलेशन, म्हणजे सुराला कंप वगैरे देणं. घाईत दोन्ही एकदम हलतात.

मिनीलॅब ३ मध्ये आठ नॉबच्या जोडीला वर-खाली सरकवायचे चार फेडर आहेत, डावीकडे स्पर्शाच्या दोन पट्ट्या आहेत आणि मागे पाच पिनांचं गोल मिडी आउट आहे. १९८३ सालापासून चालत आलेलं हे भोक उद्या एखादा जुना सिंथेसायझर हाती आला तर उपयोगी पडतं. आज तुम्हाला त्याची गरज नाही. सोबत तयार आवाजांचं मोठं भांडार मिळतं. ज्याच्याकडे एकही प्लगइन, म्हणजे आवाज देणारं जोड-सॉफ्टवेअर, नाही, त्याला ही चांगली शिदोरी आहे. मात्र त्यातले काही आवाज आय-थ्रीला जड जातात. तीन-चार ट्रॅकवर असे आवाज एकदम लावले की कडकड ऐकू यायला लागते. अशा वेळी वाजवून झालेला ट्रॅक ‘फ्रीझ’ करायचा, म्हणजे तो तात्पुरता ऑडिओ होतो आणि प्रोसेसर सुटतो.

लाँचकी मिनीत सोळा रंगीत पॅड आहेत आणि त्याची खरी जोडी एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरशी. लाइव्हमध्ये क्लिपचे, म्हणजे संगीताच्या छोट्या तुकड्यांचे, चौकोन असतात, ते पॅडवर त्याच रंगांत उमटतात. पॅड दाबला की क्लिप सुरू. चार मापांचे लूप एकावर एक चढवत हाउस बांधायचं असेल तर माउसला हात लावावा लागत नाही. पण तुम्ही एफएल स्टुडिओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणार असाल तर हे सुख बरंच कमी होतं.

म्हणून कीबोर्ड आधी आणि सॉफ्टवेअर मग, हा क्रम उलटा करा. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती फुकट आहे. तिच्यात काम सेव्ह होतं, पण ती फाइल पुन्हा उघडत नाही. रीपर साठ दिवस पूर्ण वापरता येतं. लाइव्हचीही मुदतीची चाचणी मिळते. पंधरा-पंधरा दिवस दोन सॉफ्टवेअर वापरून पाहा. तोवर कॉम्प्युटरच्या टायपिंगच्या कळांवर वाजवा. लाइव्हमध्ये ए, एस, डी, एफ ही ओळ पांढऱ्या पट्ट्यांची होते, तिच्या वरची ओळ काळ्यांची. लाइव्हवर जीव जडला तर लाँचकी, सॅम्पल कापण्यात रमलात तर एमपीके, आवाज वळवून बघण्यात वेळ जायला लागला तर मिनीलॅब. महिनाभर अडकलाच आहात, तर हा महिना तरी वाजवण्यात जाईल.

दुकानात जाणार असाल तर खिशात फूटपट्टी न्या. पियानोचं सप्तक, सा पासून त्याच सप्तकातल्या नी पर्यंत, साधारण १६.५ सेंटीमीटरचं असतं. छोट्या पट्ट्यांचं सप्तक बरंच आखूड असतं, आणि किती आखूड ते कंपनीगणिक बदलतं. बोटं जाड असतील तर दोन काळ्या पट्ट्यांमधली पांढरी दाबून बघा. बोट अडकत असेल तर बाकीच्या सोयी विसरा.

प्रश्न : तीस वर्षं पेटी वाजवतोय. आता निवृत्तीनंतर भावगीतांच्या चालींना सिंथेसायझरचे आवाज देऊन बघायचे आहेत. मुलाने पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड आणून दिला. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे आवाज मधेच लहान, मधेच मोठा येतो. दुसरी, यावर मींड निघते असं ऐकलंय, ती कशी? आणि पंचवीस पट्ट्या पुरतील का? (सांगली)

उत्तर : पहिल्या अडचणीत तुमच्या हातांचा दोष नाही. पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजाचा जोर भात्यावर ठरतो. उजव्या हाताची बोटं फक्त सूर उघडतात. मिडी कीबोर्ड मात्र प्रत्येक पट्टी किती वेगाने खाली गेली ते मोजतो आणि त्याला १ ते १२७ मधला आकडा देतो. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. पेटीवाल्याचा हात हलका आणि घसरता असतो, त्यामुळे एका सुराला ४० मिळतात, पुढच्याला ९५.

उपाय दोन आहेत. सोपा उपाय असा, की कीबोर्डच्या सेटिंगमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये व्हेलॉसिटी कायमची ठरवून टाकायची, समजा १००. सगळे सूर सारखे येतील. पण मग गाणं सपाट होतं, आणि तुमच्यासारख्या वादकाला ते आठ दिवसांत खटकेल. दुसरा उपाय खास पेटीवाल्यांसाठी आहे. व्हेलॉसिटी ठरलेली ठेवा आणि डावीकडच्या मॉड्युलेशनच्या पट्टीला किंवा चाकाला एक्स्प्रेशन हे काम द्या. मिडीच्या भाषेत मॉड्युलेशनचा कंट्रोल नंबर १, एक्स्प्रेशनचा ११. कीबोर्डसोबत मिळणाऱ्या एडिटर सॉफ्टवेअरमध्ये १ च्या जागी ११ लिहिलं की झालं. आता डाव्या हाताचं बोट वर सरकवलं की आवाज भरतो, खाली आणलं की ओसरतो. म्हणजे भाता परत तुमच्या डाव्या हातात आला. एक सावधगिरी: गाणं सुरू करताना बोट तळाशी राहिलं असेल तर काहीच ऐकू येणार नाही आणि कीबोर्ड बिघडला असं वाटेल.

आता मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. पेटीवर जी कधीच निघत नाही ती इथे निघते, फक्त मूळ सेटिंगमध्ये नाही. बहुतेक सिंथेसायझरमध्ये पिच बेंड वर-खाली दोन सेमीटोनांवर (सेमीटोन म्हणजे काळ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) लावलेलं असतं, म्हणजे सा वरून जेमतेम शुद्ध रे. शुद्ध गंधारापर्यंत जायला चार सेमीटोन लागतात, पंचमापर्यंत सात, वरच्या सा पर्यंत बारा. प्लगइनमध्ये बेंड रेंज नावाचा आकडा असतो, तो बदला. सरळ बारा करावासा वाटेल, पण करू नका. पल्ला जितका मोठा, तितकं बोटाच्या जराशा हालचालीने सूर जास्त सरकतो. मग कोमल गंधारावरचं आंदोलन हातात राहत नाही. भावगीतासाठी पाच बरे. पंचमापर्यंतची मींड हवी असेल तर सात.

आणखी एक मेख आहे. पिच बेंड त्या चॅनलवरचे सगळे सूर एकदम वाकवतं. तंबोऱ्यासारखा धरलेला सा त्याच ट्रॅकवर असेल तर तोही मींडेबरोबर घसरतो आणि सगळंच बेसूर होतं. आधाराचा सूर वेगळ्या ट्रॅकवर ठेवा.

पिच बेंडला हात न लावताही सूर जोडता येतात. व्हायटल नावाचं सिंथेसायझर फुकट मिळतं. त्यात व्हॉइस १ करा, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजेल, लेगाटो चालू करा आणि ग्लाइड ८० ते १२० मिलिसेकंदांवर ठेवा. पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली की सूर घसरत जातो. सोडून दाबली की नेहमीसारखा सुटा येतो. घसरावं की सुटं यावं हे बोटांनीच ठरतं, त्यामुळे वाजवताना वेगळा विचार करावा लागत नाही.

पंचवीस पट्ट्यांचं म्हणाल, तर पेटी बहुधा तीन ते साडेतीन सप्तकांची असते. मंद्रात उतरून परत वर येणारी ओळ दोन सप्तकांत बसत नाही, आणि मधेच सप्तक बदलणारं ऑक्टेव्हचं बटण दाबणं म्हणजे गाता गाता खुर्ची बदलण्यासारखं. तुमच्यासाठी पूर्ण आकाराच्या ४९ पट्ट्या हव्यात, एम-ऑडिओच्या कीस्टेशन ४९ सारख्या. नॉब, पॅड काही नाही, पण पिच आणि मॉड्युलेशनची खरी चाकं आहेत. स्प्रिंगवरचं चाक मींडेला स्पर्शाच्या पट्टीपेक्षा जास्त भरवशाचं. जागा मात्र लागेल. चार सप्तकांच्या पट्ट्याच ६८ सेंटीमीटर होतात. मुलाने आणलेला कीबोर्ड बदलून मिळत असेल तर बदला. नसेल तर आधी सहा महिने त्यावरच एकेक ओळ बसवा.

काळी चारमधलं गाणं पांढरी एकमधून वाजवायची सोयही आहे. ट्रान्सपोजचं बटण आठ वेळा वर किंवा चार वेळा खाली. आठपर्यंत मोजणं टाळायचं तर चार खालीच बरं, फक्त मग एक सप्तक वर घ्यायला विसरू नका.

प्रश्न : नवा कीबोर्ड यूएसबीला जोडला, दिवे लागले, पण एकही सूर वाजत नाही. परत करू का? (नाशिक)

उत्तर : थांबा. दिवे लागले म्हणजे वीज पोहोचली, निरोप पोहोचले असं नाही. या क्रमाने बघा.

केबल बदला. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. डबीतली मूळ केबल लावा आणि हबशिवाय थेट लॅपटॉपला जोडा.

मग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मिडीचं पान उघडा. कीबोर्डचं नाव दिसतंय का? दिसत नसेल तर कॉम्प्युटर बंद करून चालू करा. दिसत असेल तर त्याच्यासमोर इनपुट चालू आहे का ते पाहा. लाइव्हमध्ये त्या ओळीत ‘ट्रॅक’ आणि ‘रिमोट’ असे दोन खटके असतात. पट्ट्यांसाठी पहिला लागतो, नॉबसाठी दुसरा. एफएल स्टुडिओत ‘एनेबल’ दाबावं लागतं.

विंडोजवर आणखी एक घोळ होऊ शकतो. ब्राउझरमध्ये मिडी वापरणारी एखादी साइट उघडी असेल किंवा दुसरं संगीताचं सॉफ्टवेअर चालू असेल, तर ते कीबोर्ड अडवून बसतं आणि तुमच्या सॉफ्टवेअरला तो मिळत नाही. सगळं बंद करून एकच उघडा.

आता ट्रॅकवर वाद्य टाकलंय का? मिडी ट्रॅक नुसता बनवून काही वाजत नाही, त्यावर सिंथेसायझर किंवा सॅम्पलर ओढून आणावा लागतो. तो ट्रॅक ‘आर्म’ केलेला हवा, त्याचा लाल ठिपका पेटलेला हवा.

तरीही शांतता असेल तर ऑक्टेव्हची दोन्ही बटणं एकदम दाबा. बऱ्याच कीबोर्डवर याने सप्तक मूळ जागी येतं. ड्रमचे आवाज ३६ नंबरच्या आसपास ठेवलेले असतात. तुम्ही दोन सप्तकं वर असाल तर तिथे वाजण्यासारखं काही नसतंच.

पट्टीच्या नावांनी गोंधळू नका. तीच साठ नंबरची पट्टी, मधला सा, लाइव्हमध्ये सी-३ आहे, रोलँडच्या वाद्यांत सी-४ आणि एफएल स्टुडिओत सी-५. व्हिडिओत दाखवलेली सी-३ आणि तुमची सी-३ जुळत नसेल तर कारण हेच.

प्रश्न : पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो, ठेका हातात राहत नाही. कीबोर्ड हळू आहे का? ब्लूटूथ हेडफोन वापरतो. (ठाणे)

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. ब्लूटूथ हेडफोन आवाज दाबून, पाठवून, पुन्हा उलगडतात. त्यात सहज १५० ते २०० मिलिसेकंद जातात. हवेतून आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे तुम्ही पन्नास ते सत्तर मीटर लांब ठेवलेल्या स्पीकरवर ठेका धरताय. गणपतीत मागच्या चौकातला स्पीकर ऐकून टाळी देण्यासारखंच हे. तारेचा हेडफोन लावा, शंभर-दोनशे रुपयांचाही चालेल.

उरलेला उशीर बफरचा. कॉम्प्युटर आवाज तुकड्यातुकड्यांनी पाठवतो. ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (इथे आवाजाची मोजमापं) घेताना, १०२४ सॅम्पलचा तुकडा म्हणजे २३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे साडेअकरा, २५६ म्हणजे सहाच्या खाली, १२८ म्हणजे तीन. प्रत्यक्षातला उशीर याहून जास्त असतो, कारण वाटेत आणखी थांबे असतात. वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवा. मिक्स करताना १०२४ करा, तेव्हा उशिराने काही अडत नाही आणि प्रोसेसरला श्वास मिळतो. विंडोजवर वेगळा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज आत-बाहेर नेणारा डबा, नसेल तर असिओ फोर ऑल हा फुकट ड्रायव्हर टाका आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओच्या पानावर तो निवडा. तो काही वेळा आवाजाची वाट एकट्याच्या ताब्यात घेतो आणि यूट्यूब मुका होतो, तेव्हा घाबरू नका. मॅकवर हा खटाटोप नाही.

प्रश्न : मंडळासाठी ढोलकी आणि ताशाचे सॅम्पल पॅडवर वाजवायचे आहेत. आठ पॅड पुरतील का? आणि ताशाची तर्री मशीनगनसारखी वाजते, त्याला काय करावं? (पुणे)

उत्तर : आठ पुरतात, पण मांडणी नीट हवी. ढोलकीसाठी खालच्या ओळीत डाव्या हाताखाली धूम आणि त्याचा दाबून ओढलेला, घुमणारा प्रकार ठेवा. उजव्या हाताखाली ‘ता’ आणि ‘ना’, दोन वेगळे. वरच्या ओळीत बंद थाप, चाट आणि तेच बोल हलक्या हाताने वाजवलेले. प्रत्यक्ष ढोलकीवर डावा-उजवा जसा विभागलेला असतो तसाच पॅडवर ठेवा, म्हणजे हात आपोआप जागेवर जातात. व्हिडिओतल्या विदेशी ड्रम किटची मांडणी जशीच्या तशी उचलली की हात चुकीच्या जागी जातात.

बंद थाप वाजल्यावर आधीचं घुमणं थांबलं पाहिजे. सॉफ्टवेअरला ते आपोआप कळत नाही. धूम, घुमारा आणि बंद थाप या तिघांना एकाच ‘चोक ग्रुप’मध्ये टाका, म्हणजे नवा बोल वाजला की जुना गप्प होतो. एवढ्या एका बदलाने सॅम्पलची ढोलकी ढोलकीसारखी वाटायला लागते. धूमची शेपटी तोडताना पाच-दहा मिलिसेकंदांचा फेड ठेवा, म्हणजे आवाज एकदम न तुटता विरू द्या, नाही तर दर वेळी ‘टिक’ असा आवाज येतो.

तर्री मशीनगनसारखी येते, कारण तुम्ही नोट रिपीट, म्हणजे पॅड दाबून धरला की ठोका आपोआप वाजत राहण्याची सोय, वापरताय. तोच सॅम्पल, त्याच जोराने, अगदी समान अंतराने. खऱ्या ताशावर दोन काड्या असतात आणि दोन्ही हात कधीच सारखे पडत नाहीत. म्हणून उजव्या काडीच्या तीन-चार ठोक्यांचे वेगळे सॅम्पल घ्या, डाव्याचेही तेवढेच, आणि दोन शेजारच्या पॅडवर ठेवा. सॅम्पलरमध्ये ‘राउंड रॉबिन’ किंवा ‘रँडम’ची सोय असेल तर दर वेळी वेगळा ठोका येईल. मग दोन बोटांनी आलटून पालटून वाजवा. हाताला वेग येत नसेल तर गाण्याचा टेम्पो अर्ध्यावर आणा, रेकॉर्ड करा, परत पूर्ण करा. मिडी आहे, आवाज बिघडत नाही.

रेकॉर्ड झाल्यावर क्वांटाइझ, म्हणजे ठोके मोजपट्टीच्या ग्रिडवर ओढून बसवणं, शंभर टक्के करू नका. पन्नास-साठ टक्के पुरे. दादऱ्यासाठी ग्रिड ट्रिपलेटवर (एका मात्रेचे तीन भाग) ठेवा किंवा प्रकल्पच सहा-आठच्या मापात उघडा. साध्या चार-चारच्या ग्रिडवर दादरा क्वांटाइझ केला की तो केरव्याकडे घसरतो, आणि चूक कुठे झाली ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

पॅडवरचं ‘फुल लेव्हल’ बटण चालू राहिलंय का तेही बघा. ते चालू असलं की कसंही वाजवा, १२७ च जातात.

प्रश्न : लॅपटॉप नाही, फोनवर चालेल का? (लातूर)

उत्तर : चालेल. आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकट आहे आणि सुरुवातीला पुष्कळ आहे. आयफोन १५ पासून यूएसबी-सी असल्याने थेट जोडता येतो. जुन्या आयफोनला चार्जरचीही जागा असलेलं यूएसबी ३ कॅमेरा अ‍ॅडॉप्टर घ्या, साधं घेऊ नका. रंगीत पॅड वीज खातात आणि फोन ‘हे उपकरण जास्त वीज घेतं’ असं सांगून हात वर करतो. अँड्रॉइडवर ओटीजी, म्हणजे फोनला बाहेरचं उपकरण जोडू देणारी, जोडणी लागते; एफएल स्टुडिओ मोबाइल आणि बँडलॅब ही दोन अ‍ॅप बघा. अँड्रॉइडमध्ये आवाजाचा उशीर फोनगणिक बदलतो, म्हणून कीबोर्ड घेण्याआधी अ‍ॅप टाकून पडद्यावरच्या पट्टीवर टिचकी मारून बघा. तिथेच उशीर होत असेल तर कीबोर्डने तो कमी होणार नाही.

प्रश्न : घरात मुलीचा जुना कॅसिओ पडून आहे. तोच वापरता येईल का? (डोंबिवली)

उत्तर : मागच्या बाजूला बघा. यूएसबीचं चौकोनी भोक आणि शेजारी ‘टू होस्ट’ किंवा मिडीची खूण असेल तर नवा घ्यायची गरज नाही. प्रिंटरची केबल लावा. पाच पिनांची दोन गोल भोकं असतील तर यूएसबी-मिडी केबल घ्या. तिच्या ‘इन’ लिहिलेल्या टोकाला वाद्याचं ‘आउट’ जातं, पण काही केबलवर लिहिण्याची पद्धत उलटी असते. वाजलं नाही तर टोकं अदलाबदल करा. फक्त हेडफोनचं भोक असेल, जसं लहान मुलांच्या एसए मालिकेत असतं, तर मिडी मिळणार नाही.

जोडल्यावर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येईल, एकदा कॅसिओतून, एकदा लॅपटॉपमधून. सेटिंगमध्ये ‘लोकल कंट्रोल’ बंद करा. ती सोय नसेल तर आवाजाचं बटण शून्यावर. पट्ट्या जोराला प्रतिसाद देतात का तेही तपासा. ‘टच रिस्पॉन्स’ नावाचं सेटिंग असेल तर देतात. पॅड आणि नॉब बहुधा नसतील, पण पूर्ण आकाराच्या पट्ट्या असतील. त्याच्या जोडीला पुढे एखादं स्वस्त पॅड कंट्रोलर घेता येईल.

प्रश्न : सस्टेन पेडल उलटं चालतं. सोडलं की सूर लांबतो, दाबलं की तुटतो. (पणजी)

उत्तर : पेडल दोन जातींची असतात, दाबल्यावर जोडणारी आणि दाबल्यावर तोडणारी. बरेच कीबोर्ड सुरू होताना पेडलची स्थिती बघून जात ठरवतात. तेव्हा आधी पेडल लावा, पाय लांब ठेवा आणि मग यूएसबी जोडा. तरी उलटं राहिलं तर पेडलच्या खाली एक छोटा खटका असतो का पाहा. नसेल तर कीबोर्डच्या एडिटरमध्ये पेडलची पोलॅरिटी उलटी करायची सोय शोधा.

प्रश्न : सेकंडहँड घेताना काय बघावं? (कोल्हापूर)

उत्तर : स्वतःचा लॅपटॉप आणि केबल घेऊन जा. सॉफ्टवेअरमध्ये मिडीचे आकडे दिसतील असं पान उघडा. प्रत्येक पट्टी तीनदा वाजवा, हळू, मध्यम, जोरात. एखादी पट्टी दर वेळी १२७ च देत असेल किंवा एका दाबात दोन सूर पाठवत असेल तर खालच्या रबरी पट्टीतला कार्बन झिजला आहे किंवा त्यात धूळ आहे. धुळीचं निघतं, झिजल्याचं नाही. नॉब एका जागी सोडून आकडा बघा. हात न लावता तो ६३-६४-६३ असा थरथरत असेल तर रेकॉर्डिंगमध्ये फिल्टर आपोआप हलत राहील. यूएसबीची पिन घातल्यावर हलकेच वर-खाली करा. दिवे मिचकावले तर घेऊ नका. पिच बेंड सोडल्यावर बरोबर मधे, म्हणजे शून्यावर येतं का पाहा. थोडंही इकडेतिकडे राहिलं की सगळी गाणी किंचित बेसूर होतील आणि कारण सापडणार नाही.

सोबतच्या सॉफ्टवेअरचे पैसे धरू नका. ते कोड बहुधा एकदाच, पहिल्या मालकाच्या खात्यावर चढतात. विकणाऱ्याने नोंदणी केलीच नसेल तर मात्र ते तुमचं. त्याच्यासमोरच सिरियल नंबर टाकून बघा आणि मग पैसे द्या.